कोल्हापूरची मुलगी 'मी आलो' म्हणते तेव्हा

कोल्हापूरच्या एका नव्या कथालेखिकेचा प्रश्न आहे. तिच्या कथेची निवेदक शिवाजी पेठेतली मुलगी आहे. तिचं दुसऱ्या एका मुलीवर प्रेम आहे, आणि ती 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी जातो' असं बोलते. कथा वाचून एकाने सगळी रूपं 'अशुद्ध' ठरवली आणि 'आले, जेवले, जाते' अशी दुरुस्त करून दिली. दुसऱ्याने सांगितलं, 'आलो'च ठेव, अशा मुलीच्या तोंडी ते शोभतं. कोणाचं ऐकायचं?

'आलो' ठेवा. मात्र दुसऱ्याने दिलेलं कारण आधी मनातून काढून टाका.

कोल्हापूर भागात बायका स्वतःविषयी बोलताना सर्रास 'मी जातो', 'मी दमलो' म्हणतात. भाकरी थापणारी काकू 'तू बस, मी वाढतो' म्हणते, सासरी निघालेली लेक 'जाऊन येतो गं आई' म्हणते. त्यात पुरुषी काही नाही. तिच्याबद्दल बोलताना तेच लोक 'ती आली', 'ती दमली' म्हणतात, म्हणजे स्त्रीलिंग बोलीत शाबूत आहे. फक्त 'मी'च्या क्रियापदात तो भेद मावळला आहे. प्रमाण मराठीतही अनेकवचनात हेच होतं. पुण्याच्या चार मैत्रिणी 'आम्ही आलो' म्हणतात तेव्हा कोणाच्या भुवया वर जात नाहीत. शेजारच्या कन्नडमध्ये तर बाई आणि पुरुष दोघंही 'नानु बंदे' असंच म्हणतात, 'मी'च्या क्रियापदाला तिथे लिंगच नसतं. कोल्हापुरी बोलीवर त्या शेजाराचा परिणाम असावा, असं म्हणतात आणि मला ते पटतं.

तेव्हा पहिल्या वाचकाने एका जित्या बोलीला चूक ठरवलं. दुसऱ्याने केलेलं मला जास्त खटकतं. मुलीवर प्रेम करणारी मुलगी म्हणजे थोडी मुलासारखीच असणार, हे त्याने गृहीत धरलं आणि पुरावा म्हणून व्याकरण पुढे केलं. आजची चांगली लघुकथा नेमका हा साचा मोडते. पूर्वी अशी पात्रं हशा पिकवायला किंवा कीव करायला कथेत यायची, आणि चालण्याबोलण्यावरून ती लगेच 'ओळखू' यावीत अशी सोय लेखक करून ठेवायचा. आता लेखक ती सोय काढून घेतो. पात्राला नोकरी असते, आईशी भांडण असतं, रंकाळ्यावरची संध्याकाळ असते, आणि प्रेम त्या सगळ्यात मिसळलेलं असतं.

तुमची कथा हे एका प्रत्ययावर करू शकते. मात्र कोल्हापूरबाहेरचा वाचक 'आलो' वाचून आधी निवेदकाला मुलगा समजेल, आणि ती मुलगी आहे हे कळल्यावर मनात म्हणेल, 'अच्छा, म्हणून ती अशी बोलते.' त्याला तिथे टेकू देऊ नका. पहिल्या पानावरच तिची आई, आजी, लग्न झालेली बहीण यांच्या तोंडी 'मी येतो', 'मी करतो' येऊ द्या. समजावून सांगू नका, नुसतं बोलू द्या. आणि तिची प्रेयसी पुण्याची असेल तर फार जपा. एक 'आलो' म्हणणारी, दुसरी 'आले' म्हणणारी अशी जोडी दिसली की वाचकाचा कान आपोआप एकीला नवरा आणि दुसरीला बायको करून टाकतो. दोघी कोल्हापूरच्या असतील तर हा प्रश्नच उरत नाही.

याच बोलीत आणखी एका कथेची जागा आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंद झालेला, पण स्वतःला पुरुष मानणारा कोल्हापूरचा मुलगा घ्या. पुण्यात त्याने पहिल्यांदा 'मी आलो' म्हटलं तर घर हादरेल. कोल्हापुरात कोणाचं लक्षही जाणार नाही, त्याची आईही तसंच बोलते. त्याचा सगळा झगडा इतरांच्या 'ती'शी असेल. उलट, स्वतःला स्त्री मानणारी पारलिंगी व्यक्ती याच गल्लीत 'मी आले' म्हणू लागली, तर शेजारच्या कुठल्याही बाईपेक्षा तिचं स्त्रीलिंग जास्त ऐकू येईल. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये मान्य केला. घरातल्यांच्या क्रियापदांत तो उतरायला किती काळ लागतो, हे कथा दाखवू शकते.

अशा पात्राविषयी लिहिताना 'ते आलं' हे नपुंसकलिंग निवेदकाच्या भाषेत येऊ देऊ नका. 'पोरगं आलं' यात माया असते. मोठ्या माणसाला 'ते आलं' म्हटलं की तो अपमान होतो. कथेतला शेजारी तसं म्हणेल, 'बायल्या'ही म्हणेल, ते त्याच्या तोंडी राहू द्या. निवेदकाने मात्र पात्र स्वतःला जे म्हणवतं तेच रूप वापरावं.

निवेदकाचं लिंग काही काळ झाकायचं असेल, तर मराठीत वाटा आहेत. 'मी जाईन', 'मला वाटलं', 'मी चहा केला', 'मी तिला पाहिलं' यांतून काहीच कळत नाही. पण चार पानं तसं लिहिलं की भाषा आखडते. तुमच्या निवेदिकेला त्याची गरजही नाही. कथा छापायला देताना 'निवेदकाची बोली कोल्हापुरी आहे, क्रियापदं बदलू नयेत' एवढी ओळ संपादकांना लिहून पाठवा.