आर्थिक संकटातून एखाद्या छोट्या देशात लोकशाही आणि पत्रकार स्वातंत्र्य वाढू शकतं का?

हो, पण आपोआप नाही. आइसलँडचंच बघा. तेव्हा लोकसंख्या जेमतेम तीन लाख वीस हजार. ऑक्टोबर 2008 मध्ये तिथल्या तीन मोठ्या बँका आठवडाभरात कोसळल्या. जानेवारीत लोक भांडी-पातेली बडवत संसदेसमोर उभे राहिले आणि सरकारला जावं लागलं.

पत्रकारितेचा मुद्दा पेटला तो ऑगस्ट 2009 मध्ये. त्या तीन बँकांपैकी एक असलेल्या काउपथिंगने बुडण्याआधी आपल्याच बड्या भागधारकांना आणि त्यांच्या कंपन्यांना किती कर्जं वाटली, याची कागदपत्रं गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या विकिलीक्स या वेबसाइटवर आली. सरकारी वाहिनी ती बातमी देणार, तोच बातम्या सुरू व्हायच्या काही मिनिटं आधी मनाई हुकूम येऊन थडकला. मग वाहिनीने प्रेक्षकांना सरळ त्या वेबसाइटचा पत्ताच दाखवला! पैसे बुडाले ते लोकांचे, आणि हिशेब बघायची बंदीही लोकांनाच, हे कोण सहन करेल?

त्यातूनच खासदार बिर्गिट्टा योन्सडॉटिर यांनी मांडलेला ठराव जून 2010 मध्ये संसदेत एकही विरोधी मत न पडता मंजूर झाला: पत्रकारांच्या सूत्रांना संरक्षण, माहितीचा अधिकार, भांडाफोड करणाऱ्यांना कवच. कायदे मात्र रखडत आले. भांडाफोड करणाऱ्यांसाठीचा कायदा 2020 मध्ये झाला. संकटानंतर तयार झालेल्या नव्या राज्यघटनेच्या मसुद्याला 2012 च्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लोकांनी पाठिंबा दिला, तरी संसदेने तो मंजूर केला नाही. मला हा सरळसरळ जनतेचा विश्वासघात वाटतो.