तीन वर्षांच्या मुलीच्या खोलीसाठी उजळणारा ससा, म्हणजे सशाच्या आकाराचा रात्रीचा दिवा, घ्यावा का?

जरूर घ्या, पण आधी तो उलटा करून बॅटरीचा कप्पा बघा. कप्पा स्क्रूने बंद होत नसेल आणि आत बटन सेल (बटणाएवढे छोटे, चपटे सेल) असतील, तर कितीही गोड दिसला तरी तो ससा घरी आणू नका. गिळलेला बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आतून गंभीर भाजू शकतं, आणि सुरुवातीला मूल नुसतंच चिडचिडं वाटतं. तसा संशय आला तर एक्स-रेसाठी लगेच दवाखाना गाठा, वाट बघू नका.

मी भाचीसाठी मऊ सिलिकॉनचा, चार्जिंगचा ससा घेतला. चार्जिंग दिवसा, मोठ्यांच्या देखत. रात्री वायर उशाशी नकोच.

उजेड पिवळसर, मंद हवा. निळ्या-पांढऱ्या उजेडाने झोप लागायला उशीर होतो. रंग बदलणारे दिवे दुकानात छान वाटतात, पण झोपताना मुलं बटणाशीच खेळत बसतात. अर्ध्या तासाने आपोआप बंद होणारा मिळाला तर उत्तम.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. इलेक्ट्रिक खेळण्यासाठी खोक्यावर आयएस १५६४४ हा मानक क्रमांक शोधा.