कुत्र्याला दर आठवड्याला अंघोळ घालूनही घरातल्या पिसवा का जात नाहीत?

तुम्ही लिहिलंय की दर रविवारी औषधी शाम्पूनं अंघोळ घालता, महिन्यातून एकदा अंघोळीनंतर लगेच मानेवर पिसवांच्या औषधाचे थेंब टाकता, तरी चार दिवसांत कुत्रा पुन्हा खाजवायला लागतो आणि आता घरच्यांच्या पायांवरही चावे दिसतात. मी यातून गेलोय. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा, आणि एकूण पसाऱ्यात त्या जेमतेम पाच टक्के भरतात. बाकी सगळं, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष, तुमच्या घरात आहे.

मला हे कळलं ते गणपतीत. कुत्र्याला घेऊनच बारा दिवस कोकणात गेलो होतो, घर बंद. परत येऊन कुलूप काढलं, हॉलमध्ये बॅगा ठेवल्या आणि दोन मिनिटांत पोटऱ्यांपर्यंत काळे ठिपके उड्या मारत चढले. रिकाम्या घरात, रक्त प्यायला कोणी नसताना एवढ्या पिसवा आल्या कुठून? आमच्या पशुवैद्यांनी समजावलं तेव्हा उलगडा झाला. पिसवेची मादी दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालते. ती केसांना चिकटत नाहीत, कुत्रा जिथे लोळतो तिथे घरंगळतात. अळी उजेडापासून पळते आणि दिवाणाखाली, सतरंजीच्या घडीत, फरशीच्या सांध्यांत शिरते. तिचं खाणं म्हणजे मोठ्या पिसवांची विष्ठा, अर्थात वाळलेलं रक्त. मग ती चिकट कोष विणते, त्याला धूळ लागते आणि तो दिसेनासा होतो. कोषातली पिसू महिनोन्‌महिने थांबू शकते. पावलांची कंपनं, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की काही क्षणांत बाहेर येते. आमच्या बंद घरात त्या तयार होऊन वाट बघत होत्या.

कोषाच्या आत कीटकनाशकाचा फवारा पोचत नाही. म्हणून उपचार अगदी बरोबर केले तरी पुढचे काही आठवडे नव्या पिसवा दिसत राहतात, आणि नेमकं तिथेच लोक ‘औषध बोगस आहे’ म्हणून सोडून देतात. कृपा करून तुम्ही सोडू नका. किमान तीन महिने धरून चाला.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट लगेच बदला. फिप्रोनिलसारखे थेंब त्वचेच्या तेलकटपणातून अंगभर पसरतात. अंघोळीनंतर लगेच टाकले तर ते तेलच नसतं, आणि दर आठवड्याच्या शाम्पूनं उरलंसुरलंही निघून जातं. थेंबांच्या आधी आणि नंतर दोन-दोन दिवस अंघोळ नको, आणि रविवारचा शाम्पू बंद करा. थेंबच टाकायचे की खायची गोळी द्यायची, हे डॉक्टरांना विचारा. गोळीला अंघोळीची अडचण नाही, पण कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते आधी सांगा. घरात दोन प्राणी असतील तर दोघांनाही एकाच वेळी औषध हवं.

घरात मी सगळ्यात जास्त कष्ट घेतले ते कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेवर. त्याची गोधडी दर आठवड्याला कडक गरम पाण्यात, मग दिवसभर उन्हात. अळीला दमटपणा लागतो, कोरड्या हवेत ती सुकून मरते. म्हणूनच आपल्याकडे पावसाळ्यात हा त्रास वाढतो. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर एक दिवसाआड फिरवा: त्याच्या कंपनांनी कोषातल्या पिसवाही बाहेर येतात. पिशवी लगेच बांधून बाहेरच्या कचऱ्यात टाका. फवारा घेताना पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन हा घटक बघा, त्यानं अंडी-अळ्यांची पुढची वाढ थांबते. तो वाळेपर्यंत प्राणी आणि मुलं खोलीबाहेर.

पिसवाच आहेत का, याची खात्री करायची असेल तर उवांच्या बारीक फणीनं शेपटीच्या मुळाशी विंचरा आणि निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची घाण. साधी माती असेल तर रंग सुटत नाही.

आता ज्याची मला खरंच काळजी वाटते ते. कुत्र्याच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि त्यानं मांजर मरू शकतं. शेजारचं मांजर तुमच्याकडे येत असेल तरी डॉक्टरांना सांगा. रॉकेल चोळणं, लसूण खायला घालणं, फिनाईलच्या पाण्यानं पुसणं हे घरगुती उपाय अजिबात करू नका, यातून प्राण्यांना इजा आणि विषबाधा होते. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. कुत्रा खाजवताना पिसू गिळतो, तिच्यातून तो पोटात जातो. त्यासाठी जंताचं औषध वेगळं घ्यावं लागतं.

आणि घरात लहान पिल्लू असेल तर त्याच्या हिरड्या आजच बघा. पांढुरक्या दिसल्या तर पिसवांनी त्याचं रक्त फार प्यायलंय. अशा वेळी थेंब, फवारा काही न करता त्याच दिवशी दवाखाना गाठा.