पाय निघत नाही

"दोन-तीन महिने परदेशात जाऊन राहायचं फार वर्षांपासून मनात आहे. पैशांची सोय आहे, तब्येतही साथ देते, पण घरातून पाय निघत नाही. काय करू?"

हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा पन्नाशी ओलांडलेली बाई असते. कुणाला लेकीकडे जायचं असतं, कुणाला एकटीनं फिरायचं असतं. अडचण विचारली की प्रत्येकीकडे यादी तयार असते: सासू, नवरा, काम, घर. उत्तरादाखल एक हकिगत सांगते. ज्यांची ती आहे त्यांच्या परवानगीने, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून. आपण त्यांना सुनंदाताई म्हणू.

सुनंदाताई पंचावन्न वर्षांच्या, सातारा जिल्ह्यातल्या, व्यवसायाने कर सल्लागार. पती पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सासूबाई त्र्याऐंशी वर्षांच्या, मुलगा पुण्यात नोकरीला. माउलींची पालखी नीरा ओलांडून जिल्ह्यात आली की लोणंद ते फलटण चालायचं, असं त्यांनी कैक वर्षं केलं होतं. दोनदा आळंदी ते पंढरपूर अशी पूर्ण वारीही झाली होती. त्यातूनच स्पेनमधल्या सान्तियागोच्या पायवाटेची, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती यात्रामार्गाची, ओढ लागली. फ्रान्सच्या हद्दीतल्या सेंट-जाँ-पिए-दे-पोर या गावातून निघून पिरेनीज डोंगर ओलांडायचा आणि सान्तियागो दे कोम्पोस्तेलापर्यंत जवळपास ७८० किलोमीटर चालायचं. यात्रेकरूंसाठी वाटेत मुक्कामाच्या जागा असतात, आणि जवळच्या पुस्तिकेवर गावोगावी शिक्के घ्यायचे असतात. चालून झालं की जर्मनीत भाच्याकडे महिनाभर राहायचं, असा त्यांचा बेत होता. तो बेत सहा वर्षं वहीत पडून होता.

पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या, "यांची परवानगी आहे हो, पण मीच गेले तर घर कोलमडेल."

मी ते वाक्य जसंच्या तसं धरलं आणि घर कुठे कुठे कोलमडेल याची यादी करायला बसवलं. यादी करणं चूक नव्हतं, ते करावंच लागतं. पण त्या वाक्याच्या मागे काय आहे हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. ते कळायला मला दोन महिने लागले.

यादीतल्या व्यवहाराच्या बाबी पुष्कळांना उपयोगी पडतील, म्हणून त्या सांगते. त्यांचं पहिलं कोडं होतं ते जायचं कधी. विवरणपत्रांच्या गर्दीमुळे जुलैपासून ऑक्टोबर संपेपर्यंत त्यांना मान वर करायला फुरसत नसते, मार्चअखेर तर विचारूच नका. शिवाय जीएसटीचं काम दर महिन्याला ११ आणि २० तारखेला दारात उभं. शेवटी २० एप्रिल झाली की निघायचं आणि ५ जुलैला परतायचं असं ठरलं. पंचाहत्तर दिवस. पर्यटक म्हणून शेंगेन देशांमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांमध्ये, कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, त्यात हे बसत होतं. जास्त दिवस स्पेनमध्ये जाणार म्हणून अर्जही स्पेनच्या व्हिसाचा. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्टची मुदत शिल्लक असावी लागते.

यापेक्षा चिवट निघाली ती ओटीपीची भानगड. कित्येक अशिलांच्या खात्यांना नोंदवलेला मोबाइल क्रमांक ताईंचा स्वतःचा होता. म्हणजे दुकान कुणाचंही असो, संकेतांक यांच्या फोनवर. घरचा गॅस, वीजबिल, मेडिक्लेम, सासूबाईंचं बँक खातं, सगळ्याचे संदेश त्याच एका फोनवर यायचे. ऑक्टोबरपासून त्यांनी एकेका अशिलाला बोलावून त्याचा स्वतःचा क्रमांक नोंदवून घेतला. मेअखेरचं टीडीएसचं तिमाही विवरणपत्र सात वर्षं हाताखाली असलेल्या मुलीकडे सोपवलं आणि जानेवारीतलं तेच काम तिला आपल्यासमोर, हात न लावता करू दिलं. मेडिक्लेमचं नूतनीकरण नेमकं मे महिन्यात येत होतं. ही तारीख घरात फक्त त्यांनाच ठाऊक होती.

अशा गोष्टींची एक वही झाली. तिला त्या घरवही म्हणू लागल्या.

वही झाली तरी पाय निघेना. मग मी म्हटलं, आधी चार दिवस देवगडला बहिणीकडे जाऊन या. लांबच्या प्रवासाआधी ही रंगीत तालीम मी जवळजवळ प्रत्येकाला करायला सांगते. आपण घरात असताना जे दिसत नाही ते चार दिवसांत उघडं पडतं. एक अट घातली. कुणी कुणाला फोन केला आणि कशासाठी, हे लिहून ठेवायचं.

चार दिवसांत काय चुकलं? सासूबाईंची रक्तदाबाची संध्याकाळची गोळी दोनदा राहिली, कारण कंपनी बदलल्यामुळे पाकिटाचा रंग बदलला होता आणि काकांना, म्हणजे ताईंच्या पतींना, जुना रंग माहीत होता. पाण्याच्या टाकीची मोटर रात्रभर चालू राहिली. एवढंच. आता वारांचे खण असलेली गोळ्यांची डबी आली, मोटरीला आपोआप बंद होणारं बटण बसलं.

पण फोनच्या नोंदीनं मला थांबवलं. चार दिवसांत अकरा फोन झाले होते. घरून दोन आले होते, नऊ ताईंनी केले होते. त्यातले चार रात्री दहानंतर, आणि प्रत्येकापुढे एकच कारण लिहिलेलं: "आई बऱ्या आहेत ना."

मी विचारलं, "ताई, रात्री दहानंतर काय होईल असं वाटतं तुम्हाला?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट बाहेर आली. दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी त्या पुण्याला गेल्या होत्या. दुसऱ्या रात्री सासऱ्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले. दिवसांच्या वेळी आलेली एक नातेवाईक बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "तू घरात असतीस तर." वाक्य पूर्णही केलं नव्हतं तिने. त्यानंतर सुनंदाताई वारी सोडून एका रात्रीपेक्षा जास्त बाहेर राहिलेल्या नव्हत्या. वारी चालत होती, कारण ती देवाची. स्वतःसाठी जाणं म्हणजे कुणाचा तरी जीव टांगणीला लावणं, असं मनात घट्ट बसलं होतं.

असा अपराधीपणा समजावून जात नाही. "तुमची काही चूक नव्हती" हे त्यांना पतीने शंभर वेळा सांगितलं असेल. आम्ही वेगळं काम केलं. त्या रात्रीची हकिगत तिथे हजर असलेल्या माणसांकडून पहिल्यांदाच नीट ऐकली. काका आले, सासूबाईंना, म्हणजे आजींनाही आणलं. छातीत दुखायला लागल्यापासून गाडी बोलावेपर्यंत कोण कुठे होतं, कुणी काय केलं, किती वेळ गेला. आजी म्हणाल्या, "मी शेजारीच बसले होते त्यांच्या. मी होते तरी काय झालं?" चौदा वर्षांत हे त्या घरात कुणी बोललं नव्हतं. आपल्याकडे मृत्यूबद्दल दिवसांचे विधी होतात, पण त्या रात्रीबद्दल बोलणं राहून जातं. मला याचं फार वाईट वाटतं.

मग सगळ्यात अवघड पान लिहायला घेतलं. ताई दूर असताना काही झालं तर? हे पान अभद्र म्हणून लोक टाळतात. माझा आग्रह असतो की हेच आधी लिहावं, आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्या समोर लिहावं. साधा ताप असेल तर कळवायचं नाही. दवाखान्यात दाखल करावं लागलं तर त्याच दिवशी कळवायचं, लपवायचं नाही. परत यायचं की नाही हे ताईंनी डॉक्टरांशी स्वतः बोलून ठरवायचं. सही आणि पैशांचे निर्णय काका घेतील, मुलगा पुण्याहून त्याच दिवशी निघेल.

शेवटचा प्रश्न कुणी विचारेना. आजींनीच उत्तर दिलं. "मी गेले तर तिच्यासाठी खोळंबायचं नाही. तिथून यायला दोन दिवस लागणार. ती आली की आली. आणि कुणी तिला काही बोललं तर सांगा, म्हातारीनं लिहून ठेवलंय." ते खरंच लिहून घेतलं. खाली आजींनी सही केली.

सुनंदाताई त्या दिवशी खूप रडल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी व्हिसाचे कागद जमवायला घेतले.

जानेवारीत दुसरी तालीम झाली, बारा दिवसांची. फोन रोज एकच, ठरलेल्या वेळी. भारतात संध्याकाळचे साडेसात म्हणजे उन्हाळ्यात स्पेनमध्ये दुपारचे चार, त्या दिवसाचं चालणं संपलेलं असतं, म्हणून सवय त्याच वेळेची लावली. दिवसा आजींजवळ थांबायला एक मावशी ठेवल्या, त्याही तालमीपासूनच. अनोळखी माणूस आणि सुनेचं जाणं या दोन गोष्टी आजींना एकाच दिवशी सोसायला लावायच्या नव्हत्या. काकांना वरण-भात येत होता, भाकरी येत नव्हती. आजींनी खुर्चीत बसून त्रेसष्ट वर्षांच्या मुलाला ती शिकवली. पहिल्या आठवड्यातल्या भाकऱ्या मावशींनी घरी गाईसाठी नेल्या, असं आजींनी मला सांगितलं.

इथे एक सांगायला हवं. प्रत्येकाला मी "जा" म्हणत नाही. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल आणि दुसरा आधार खरोखरच नसेल, तर आधी आधार उभा करायचा, तारीख नंतर. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मदत कुठे मिळेल याची चौकशी तिथून सुरू करता येते. आणि घरातल्या भांडणापासून किंवा आतल्या उदासीपासून सुटका म्हणून कुणी निघत असेल, तर आधी माझ्याकडे थोडे आठवडे येत राहा असं मी म्हणते. सुनंदाताईंचं तसं नव्हतं. त्यांना घर नकोसं झालेलं नव्हतं. त्यांना चालायचं होतं.

त्या २२ एप्रिलला निघाल्या. आदल्या संध्याकाळी त्यांचा मला फोन आला, "अजूनही पोटात खड्डा पडतोय." मी म्हटलं, "पडू दे. तो घेऊनच विमानात बसा." अपराधीपणा पूर्ण गेल्यावर निघू असं म्हणणारी माणसं निघत नाहीत, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे.

चालण्याच्या तेविसाव्या दिवशी त्या लेऑन शहरात होत्या आणि आजींना लघवीच्या संसर्गामुळे दाखल करावं लागलं. ठरल्याप्रमाणे काकांनी साडेसातच्या फोनवर सांगितलं. ताई डॉक्टरांशी बोलल्या, मग आजींशी बोलल्या. दुसऱ्या दिवशी त्या चालल्या नाहीत, लेऑनलाच थांबल्या. त्या रात्री झोप लागली नाही, असं त्यांनी आल्यावर सांगितलं. तिसऱ्या दिवशी आजी घरी आल्या आणि ताईंनी पिशवी पाठीला लावली. सान्तियागो अजून तीनशे किलोमीटरच्या वर होतं.

जुलैत त्या परत आल्या त्या थेट विवरणपत्रांच्या ढिगात, त्यामुळे आमची भेट व्हायला ऑगस्ट उजाडला. त्याआधीच काकांचा फोन आला होता. धाकट्या भावाकडे बडोद्याला महिनाभर जाऊन राहायची त्यांची इच्छा होती, निवृत्तीनंतर राहूनच गेलं होतं. ते विचारत होते, "घरवहीत माझी कामं लिहिलेलीच नाहीत. ती कुठून सुरू करू?"