अमावस्येच्या लेकीचं नाव

प्रिय मावशी,

माझं माहेर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, मराठी. सासर हुक्केरीकडचं, घरात सगळे कन्नड बोलतात. मण्णेत्तिन अमावस्येला, म्हणजे ज्येष्ठ अमावस्येला, घरी मातीच्या बैलांची पूजा झाली आणि त्याच रात्री मला मुलगी झाली. मला रात्र लहानपणापासून आवडते, म्हणून तिचं नाव तमिस्रा ठेवायचं मनात आहे. मोबाईलवर अर्थ दिला होता, 'ताऱ्यांनी भरलेली रात्र'. सासूबाई म्हणतात, 'कत्तली हेसरु ब्याड', अंधाराचं नाव नको, ज्योती ठेवा. नणंदबाई म्हणाल्या, 'आधीच पोर सावळी, त्यात नाव काळोखाचं.' तेव्हापासून मी हट्टाला पेटलेय. पंचांगात आर्द्रेचं पहिलं चरण निघालं, अक्षर कु. नवरा म्हणतो, तुम्ही बायकाच ठरवा. बारसं सव्वा महिन्यावर ढकललंय. धाकट्या जाऊबाईंनाही सातवा लागलाय, मुलगा झाला तर असित ठेवायचं त्यांचं ठरलंय. मी काय करू?

– एक बाळंतीण

लेकी,

तमिस्रा ठेवू नकोस. सासूबाई नको म्हणतात म्हणून नाही, आणि नणंद बोलली म्हणून तर मुळीच नाही. तो शब्द तुला वाटतोय तो नाही, म्हणून सांगते.

संस्कृत कोशात रात्रीचे प्रकार वेगळाले केलेले आहेत. चांदण्याची रात्र ती ज्यौत्स्नी आणि गडद अंधाराची ती तमिस्रा. ताऱ्यांचा त्यात कुठे उल्लेख नाही, मोबाईलवर कुणीतरी पदरचं घातलंय. अशा गडद रात्रीलाच 'तामसी' असंही म्हणतात, आणि तामसी म्हटल्यावर आपल्याकडे कुणाला रात्र आठवत नाही, रागीट माणूस आठवतो. दुसरी अडचण जोडाक्षराची. तमिस्रा मध्ये 'स्र' आहे, 'स्त्र' नव्हे. ज्या लोकांनी 'सहस्र'चं 'सहस्त्र' करून टाकलं ते तुझ्या लेकीला जन्मभर 'तमिस्त्रा' म्हणणार आणि लिहिणार. शाळेच्या हजेरीपासून लग्नपत्रिकेपर्यंत तिला तो एक 'त' खोडत बसावं लागेल.

आपल्या भाषेत काळोखाची दोन घरं आहेत. एक तमाचं. तम म्हणजे अंधार, पण त्याच्याबरोबर अज्ञान आणि जडपणाही येतो. तिमिर त्याच घरातला. शिवाय आयुर्वेदात तिमिर हे डोळ्यांच्या विकाराचं नाव आहे, नजर धूसर होत जाते तो. मुलाचं नाव तिमिर ठेवलं तर वैद्याकडे नाव सांगताना पंचाईत व्हायची. दुसरं घर रात्रीचं आणि सावळ्या रंगाचं: निशा, रजनी, यामिनी, शर्वरी, विभावरी, श्यामला, कृष्णा. तुला जी रात्र आवडते ती या दुसऱ्या घरात राहते. पहिल्या घरातलं एकच नाव मला चांगलं वाटतं, तमसा. ती नदी आहे, वनवासातली पहिली रात्र रामाने तिच्या काठी काढली. पण ते नाव प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं, आणि तुला आधीच समजावण्याचं काम पुष्कळ आहे.

आता सासूबाई. त्यांच्या भीतीला अंधश्रद्धा म्हणून उडवून लावू नकोस, तसं केलंस की बोलणंच खुंटतं. तुझ्या बाळाच्या गालावर रोज संध्याकाळी काजळाची तीट कोण लावतं? बहुतेक त्याच लावत असतील. बोटाच्या टोकावर काजळ घेऊन, कानाजवळ, तळपायाला. मनगटात काळे मणी असतील. (डोळ्यांत मात्र काजळ घालू देऊ नकोस, डॉक्टर नको म्हणतात ते खरं आहे.) म्हणजे त्यांच्या हातांना ठाऊक आहे की काळं राखण करतं. तेच त्यांना प्रेमाने आठवून दे. आश्विनातली लक्ष्मी अमावस्येलाच घरी येते. एळ्ळ अमावस्येला तुमच्याकडे शेतात जाऊन चरग, म्हणजे नैवेद्याचं अन्न, शिंपडतात, घरदार शिवारात जेवतं. ज्या दिवशी तुझी लेक जन्मली त्या दिवशी तर मातीच्या बैलांना नैवेद्य दाखवलेला. अमावस्या वाईट असती तर इतके सण तिच्यावर कशाला ठेवले असते? हे वाद घालून नव्हे, बाळाला मालिश करताना, दोघीच असताना बोल.

नणंदेचं वाक्य वेगळं आहे, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. नावाने ते बदलणार नाही. तू तमिस्रा ठेवलंस तर 'बघा, नावही तसंच' म्हणतील, ज्योती ठेवलंस तर 'नाव ज्योती आणि रंग बघा' म्हणतील. रंगावरून बोलणाऱ्याला नाव फक्त निमित्त पुरवतं. म्हणून हट्टाने नाव ठेवू नकोस, कारण तुझा राग दोन महिन्यांत विरेल आणि नाव पोरीला आयुष्यभर वागवावं लागेल. ते वाक्य पुन्हा कानावर आलं तर तिथल्या तिथे, आवाज न चढवता, 'तिच्या रंगाबद्दल तिच्यासमोर बोलायचं नाही' एवढंच म्हण आणि दुसरा विषय काढ. मूल तान्हं आहे म्हणून आज सोडून दिलंस तर ती तीन वर्षांची झाल्यावरही तेच ऐकेल, आणि तेव्हा तिला कळत असेल. नवऱ्यालाही हे सांग. नाव बायकांनी ठरवावं हे ठीक, पण बहिणीला समजावणं त्याचं काम आहे. घरात कुणी विठ्ठलाला मानत असेल तर आणखी सोपं, तो सावळा दोन्ही भाषांचा आहे.

याच कारणासाठी श्यामला, शामल आणि असिता ही रंगाची नावं या वेळी बाजूला ठेव. नावं सुरेख आहेत, पण बोलणारीच्या हातात काठी कशाला द्यायची? कृष्णा हे नाव मला फार आवडतं, तुमच्या जिल्ह्यातून वाहणारी नदी, द्रौपदीचं नाव. पण कन्नडमध्ये पुरुषाचं 'कृष्ण' उच्चारताना शेवटचा अ पूर्ण म्हणतात, इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग एकच, आणि फॉर्मवर तुझ्या मुलीला 'पुरुष' करून टाकण्याची पाळी येते.

राहिली रात्रीची नावं. निशा सोपं आहे, आणि गंमत म्हणजे संस्कृतात हळदीलाही निशा आणि रजनी म्हणतात. पण तुझ्या सासरी अडचण आहे. कन्नड बोलण्यात संस्कृतचा शेवटचा आ बहुतेकदा ए होतो, सीतेला सीते, गंगेला गंगे. निशाचं होणार निशे, आणि 'नशे' पासून ते एका वेलांटीवर आहे. पोरं शाळेत ती वेलांटी गाळतील. रजनीत काही खोट नाही, फक्त नाव मागच्या पिढीचं वाटतं. शर्वरी गोड आहे, पण शार्वरी नावाचं संवत्सर आहे, मार्च 2020 मध्ये पाडव्याला लागलं तेच. पंचांग पाहणारी माणसं काना लावून वाचतील आणि करोनाचं वर्ष आठवतील. यामिनी दोन्ही भाषांत न मोडता बोललं जातं. याम म्हणजे प्रहर, तीन तासांचा, आणि प्रहरांनी बनलेली ती यामिनी. हे नाव ठेवलंस तर मी हरकत घेणार नाही.

पण तुझं पत्र वाचल्यापासून माझ्या मनात विभावरी आहे. विभावरी म्हणजे रात्रच, पण तो शब्द 'भा' धातूवरून आलाय, भा म्हणजे चमकणं. तुला ताऱ्यांची रात्र हवी होती ना, ती ही. आणि हाकेचं नाव विभा. विभा म्हणजे प्रकाश, कांती. सासूबाईंनी ज्योती मागितली ती त्यांच्या तोंडी राहील आणि तुझी रात्र कागदावर. कुणाची समजूत काढायला जुळवलेलं हे नाव नाही, शब्दातच दोन्ही आहे. फक्त बोली कन्नडमध्ये भ चा ब होतो, काही जण 'विबा' म्हणतील. तेवढं चालवून घे.

'कु' अक्षराचं काय? जन्मनाव आणि व्यवहारातलं नाव वेगळं ठेवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. पाळण्यातलं नाव कुहू ठेव. ज्या अमावस्येला चंद्राची कोर अजिबात दिसत नाही ती कुहू, आणि जिच्यात कोर पुसटशी दिसते ती सिनीवाली. म्हणजे अक्षर जुळलं, तिथीही जुळली, आणि कोकिळेची हाक म्हणून ते दोन्ही भाषांत कुणालाही कळतं. कागदावर मात्र कुहू नको. शाळेच्या यादीत 'कु. कुहू' दिसेल आणि अर्धे लोक ते छापण्यातली चूक समजतील.

कागदाचं नीट ऐक, कारण तुमच्या भागात घोळ इथेच होतो. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर माहिती दवाखानाच कळवतो, आणि नावाशिवायही नोंद होते. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम 14 आणि त्याखालचे नियम यांप्रमाणे नोंदीपासून 12 महिन्यांत नाव फुकट घालून मिळतं, पुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. म्हणजे घाईने कुणाच्या दबावाखाली नाव देऊ नकोस, वेळ आहे. पण एकदा घातलेलं नाव मन बदललं म्हणून सहज बदलून मिळत नाही, कायद्यातली दुरुस्ती चुकीसाठी आहे, आवडीसाठी नाही. आणि 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, लायसन्स, मतदार यादी या सगळ्याला जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. इथली चूक पुढे सगळीकडे जाते.

तुमच्याकडे दाखल्यावर कन्नड आणि इंग्रजी असतं, देवनागरी नसतं. म्हणून जाण्याआधी एका कागदावर नाव तिन्ही लिपींत लिहून ने आणि कारकुनाला तोंडी सांगू नकोस, कागद दे. विभावरीची शेवटची री मराठीत दीर्घ, कन्नडमध्ये ऱ्हस्व लिहितात. ते बरोबर आहे, त्यावर वाद घालू नकोस. इंग्रजीत बी नंतर एच आहे ना ते पाहा: व्ही, आय, बी, एच, ए, व्ही, ए, आर, आय. वडिलांचं नाव आणि आडनाव कोणत्या क्रमाने येतं ते नवऱ्याच्या आधारशी ताडून बघ. छापण्याआधी स्क्रीनवर किंवा कच्च्या प्रतीवर वाचायला माग. सही केल्यावर वाचून उपयोग नाही.

जाऊबाईंना असितबद्दल सांग. अर्थ चांगला आहे, सित म्हणजे पांढरा, असित म्हणजे काळा, त्या नावाचे ऋषीही होते. पण कन्नड वाचणारा शेवटचा अ पूर्ण उच्चारतो, मग असितचा 'असिता' होतो आणि मुलाला मुलीचं नाव लागतं. कन्नडमध्ये लिहिताना त चा पाय मोडून घ्यायला सांग. इंग्रजीत कर्नाटकात त साठी टी-एच लिहितात, महाराष्ट्रात नुसता टी. दोन्ही चालतात, पण दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं असं होऊ देऊ नका. निशांतचंही असंच होतं, आणि निशांत म्हणजे रात्र नव्हे, रात्रीचा शेवट, पहाट. अंधाराचं म्हणून ते ठेवणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

बारशाचं एक राहिलं. पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात नाव कोण सांगणार? आत्या. म्हणजे तीच नणंद. हा मान तिचा आहे, तो काढून घेऊ नकोस, आणि नाव तिला ऐन वेळी कळू देऊ नकोस. आठ दिवस आधी तिला फोन कर, विभावरी आणि कुहू दोन्ही नावं सांग, अर्थ सांग, आणि म्हण की कानात तुम्हीच सांगायचंय, आधी कुहू, मग विभावरी. तिला ते चार-पाच वेळा म्हणायला लाव, भ नीट निघेपर्यंत. घुगऱ्या वाटताना बायका तिलाच विचारतील की नावाचा अर्थ काय, तेव्हा उत्तर तिच्याजवळ असू दे.

– मावशी