आरशात बरा दिसणारा चेहरा फोटोत परका का वाटतो?

आरशात ठीक दिसतो, पण फोटोत ‘हा मी नव्हेच’ असं वाटतं, याला मुख्य कारणं दोन. दोष चेहऱ्याचा नाही.

पहिलं कारण सवयीचं. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं. भांग, तीळ, किंचित एका बाजूला झुकणारं हसू रोज त्याच बाजूला दिसतं आणि ‘मी’ म्हणून तेच मनात बसतं. फोटोत बाजू बदलल्या की मेंदूला ते खटकतं. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना स्वतःची आरशासारखी उलटी छबी जास्त आवडली. त्यांच्या जवळच्यांना मात्र सरळ फोटो. म्हणजे तुम्हाला खुपणारा चेहराच तुमच्या माणसांच्या ओळखीचा आणि आवडीचा असतो.

दुसरं कारण अंतर. ३० सेंमीवरून काढलेल्या सेल्फीत नाक, दीड मीटरवरच्या फोटोच्या तुलनेत, सुमारे ३० टक्के रुंद भासतं, कारण ते गालांपेक्षा कॅमेऱ्याच्या बरंच जवळ असतं. सेल्फी पाहून नाकाबद्दल कुठलाही निर्णय घेऊ नका, ही कळकळीची विनंती. फोन दीड मीटरवर, डोळ्यांच्या उंचीला ठेवा, मागचा कॅमेरा आणि टायमर वापरा, चौकट भरायला २ पट झूम करा.

एवढं करूनही एखाद्या व्यंगाचा विचार रोज तासाहून जास्त छळत असेल, सारखा आरसा पाहिला जात असेल किंवा लोकांत जाणं टाळलं जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ही अवस्था उपचारांनी सुधारते. कॉस्मेटिक शस्त्रक्रियेने सहसा समाधान होत नाही.