कॉट सोडू नकोस, एवढ्यात तरी

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल परवा रात्री वाचली. पुण्यातली कॉट सोडून कराडला राहायचं आणि तिथूनच काम करायचं म्हणतेस. फोन करणार होते, पण फोनवर तू ‘हो ताई, हो ताई’ म्हणतेस आणि शेवटी तुला करायचं तेच करतेस. त्यात वाईट काही नाही, तुझ्या वयात मीही तेच करायचे. म्हणून लिहायला बसले.

तुझा हिशेब पाहिला. वाकडच्या फ्लॅटमधल्या कॉटचे अकरा हजार, डबा, रिक्षा, शनिवार-रविवारचा खर्च. कंपनी महिन्यातून दोनच दिवस बोलावते, तेव्हा कराडला आईबाबांकडे राहिलीस तर महिन्याला अठरा हजार वाचतात. बेरीज बरोबर आहे. फक्त त्या कागदावर जे आहे ते सगळं आत्ताच्या नोकरीचं. पुढच्या नोकरीसाठी एक ओळही नाही.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर, होते. गावकीच्या खोलीत पंधरा-सोळा जण राहायचे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, तेव्हा ‘शिमग्यापर्यंत मिटेल’ म्हणून ते गावी आले. गावी भाडं नाही, भात घरचा, मुलंबाळं जवळ. हिशेब अगदी तुझ्यासारखाच चोख. त्यांचे खोलीतले एक जोडीदार मात्र मुंबईतच थांबले. रोज सकाळी नाक्यावर उभे राहायचे. एक दिवस तिथेच कुणीतरी सांगितलं की भायखळ्याच्या गोदामात दोन वॉचमन हवेत. एका जागेवर ते स्वतः लागले आणि दुसऱ्यासाठी वडलांना पोस्टकार्ड टाकलं. ते दापोलीत पोचून वाडीत यायला आठ दिवस लागले, तोवर जागा भरली होती. ते कार्ड आईने बरीच वर्षं डब्यात जपून ठेवलं होतं.

आता पोस्टकार्ड नाही, लिंक्डइन आहे, असं तू म्हणशील. लिंक्डइनवर येते ती भरायची राहून गेलेली जागा. २००१पासून मी तीन नोकऱ्या बदलल्या. एक मिळाली कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या मुलीमुळे, आणि एक अशा माणसामुळे ज्याचं आडनावही मला तोवर ठाऊक नव्हतं. कॅन्टीनच्या रांगेत आम्ही पोह्यांना शिव्या घालायचो, एवढीच ओळख. तुला दोन वर्षं झाली आहेत. पैकी ऑफिसात बसून किती महिने काढलेस? तुझा रिझ्युमे कुणाच्या तरी हातात ठेवून ‘पोरगी चांगली आहे, बोलून बघ’ म्हणतील अशी माणसं किती? एका हाताची बोटं पुरली, तर अजून निघायची वेळ झालेली नाही.

वडील परतले त्याच गावी मीही जाऊन राहिले होते, हे तुला कधी सांगितलं नाही. मार्च २०२०मध्ये ऑफिसने घरून काम करा म्हणून सांगितलं तेव्हा पोराला घेऊन आईकडे गेले, पाडवा करून परत येऊ म्हणून. पाडव्याच्याच दिवशी देश बंद झाला. नवरा पुण्यात राहिला, कारण त्याची चाकणची मशिनं लॅपटॉपवरून चालत नाहीत. (लग्नानंतर हा प्रश्न तुझ्याही घरात येईल. दोघांचं काम एकदमच घरून होणारं असेल, हे गृहीत धरू नकोस.) मग ३ जूनला निसर्ग वादळ आलं. पडवीची कौलं उडाली, पोफळी आडव्या झाल्या, आणि वाडीत वीज यायला तेवीस दिवस लागले. तेवढे दिवस मी रोज सकाळी जनरेटरवाल्या दुकानात लॅपटॉप चार्जिंगला ठेवायचे आणि सड्यावर एका विशिष्ट कातळावर छत्री घेऊन बसायचे. दोन हात डावीकडे सरकलं की रेंज जायची.

हे सगळं निभावलं. निभावलं नाही ते पुढचं. ऑफिसं हळूहळू उघडली, बाकीचे जायला लागले, मी राहिले. काम माझं चोख होतं. पण नव्या प्रोजेक्टची वाटणी ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर झाली, आणि मला ती मेलमधून कळली. अप्रेझलला माझ्या साहेबांनी अगदी मनापासून विचारलं, ‘तू सध्या नेमकं काय बघतेस?’ मी त्या वर्षी तिघांचं काम ओढलं होतं. माणूस वाईट नव्हता. मी त्यांना दिसतच नव्हते.

तरी ती सव्वादोन वर्षं मी कुणाला परत देणार नाही. पोरगा विहिरीत पोहायला शिकला. आईबरोबर दोन मे महिने फणसाची साठं घातली; ती आता नाही. तेव्हा ‘गावी जाऊ नकोस’ असं मी म्हणतेय असं वाचू नकोस. पण मी गेले तेव्हा माझ्या गाठीला एकोणीस वर्षांच्या ओळखी होत्या आणि पुण्यात फ्लॅट होता. घर असलेला माणूस गावी जातो, तेव्हा तो खरं तर गेलेलाच नसतो. किल्ली खिशात असते. तू कॉट सोडलीस की पुन्हा डिपॉझिट, पुन्हा ब्रोकर, पुन्हा अनोळखी चार मुली.

कंपनीच्या शब्दाचंही बघ. टीसीएसने २०२०मध्ये जाहीर केलं होतं की २०२५पर्यंत एका वेळी २५ टक्केच माणसं ऑफिसात लागतील. ऑक्टोबर २०२३पासून तिथेच आठवड्याचे पाचही दिवस हजेरी सुरू झाली. एवढ्या मोठ्या घराचा बेत तीन वर्षांत फिरतो, तर तुझ्या मॅनेजरच्या ‘चालेल गं’चं आयुष्य किती? ऑफर लेटर काढून ‘बेस लोकेशन’समोर काय लिहिलंय ते वाच. पुणे लिहिलं असेल, तर घरून काम ही सवलत आहे, करार नाही.

घरून काम करणारी माणसं शहरापासून किती लांब जातात, याचा अमेरिकेत अभ्यास झालाय. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि अर्जुन रमाणी यांनी २०२१मध्ये टपाल खात्याकडचे पत्ताबदल आणि घरभाडी तपासली. मोठ्या शहरांचा मध्य रिकामा होत होता, पण माणसं फार लांब जात नव्हती, त्याच शहराच्या कडेला सरकत होती. त्यांनी त्याला डोनट म्हटलं, आपण मेदूवडा म्हणू. कारण उघड आहे, आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागणाऱ्याला दोरी तुटेल इतकं लांब जाता येत नाही.

इथे तुझं नशीब माझ्यापेक्षा बरं. पुण्यापासून दापोली आणि कराड यांच्या किलोमीटरांत फार फरक नाही. पण दापोलीला घाट आडवा येतो आणि पावसाळ्यात वरंधा बंदच असतो. कराडहून पहाटेची गाडी पकडलीस तर तू सकाळच्या मीटिंगला स्वारगेटच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी असशील. अंतर तासांत मोज.

म्हणून माझं म्हणणं असं की कॉट सहा महिने ठेव. मैत्रिणीबरोबर अर्धी वाटून घेता आली तर बघ. महिन्यातले दोन दिवस कंपनीचे, आठ तुझ्या मर्जीचे. त्या आठांत कामासाठी जाऊ नकोस, चहाला जा. उरलेले दिवस कराडला.

आणि कराडला खोलीला दार हवं, आतून कडी असलेलं. नेट आणि इन्व्हर्टरचं तू बघशीलच, तो तुझा प्रांत. मी सांगतेय ते वेगळं. मुलगा लॅपटॉप घेऊन बसला की ‘त्याचं ऑफिस चालू आहे’. मुलगी बसली की ‘ती घरीच असते ना आता’. गिरणीतून दळण आणायचं, आजीला डॉक्टरकडे न्यायचं, वायरमन आला की उभं राहायचं. दुपारी तीनला ‘सहज’ चहाला आलेली मंडळी तुला बघायला आलेली असतात, आणि तुझा क्लायंट कॉल साडेतीनला असतो. गंमत म्हणजे तीच मंडळी मुलाचा पुण्यात फ्लॅट आहे हे पहिल्या वाक्यात सांगतात. बाबांशी आधी बोलून घे: दहा ते सात मी घरात नाही. ते ऐकतील. आईला जरा वेळ लागेल.

येत्या आठवड्यात कराडला जातेच आहेस, तर शुक्रवारीही थांब आणि दिवसभर खरं काम करून बघ. दुपारी लाइट किती वेळा गेली आणि दारावर किती वेळा थाप पडली, दोन्ही लिहून ठेव. रविवारी रात्री मला आकडे पाठव, मग बोलू. आमसुलं संपली असतील तर तेही कळव.

तुझी,
ताई